अंगाला खाज, डोळ्यांची आग... नायटा समजू नका, गाजर गवताची ॲलर्जी असू शकते!

पावसाळा लागला की बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात गाजर गवत माजते. त्याच दिवसांत गावोगावच्या मेडिकलवर खाजेचे मलम मागणाऱ्यांची गर्दीही वाढते. बरेच जण हा त्रास नायटा किंवा उष्णता समजून अंगावर काढतात. खरं तर अनेकांना असते ती या गवताची ॲलर्जी. कारण कळले नाही तर मलमावर पैसे जातात आणि आजार तिथेच राहतो.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?
बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशी आपले शरीर लढत असते. पण कधी कधी परागकण, धूळ, एखादे औषध किंवा खाण्याचा पदार्थ यांनाही ते शत्रू समजते आणि लढायला उठते. त्यातून खाज, सूज, शिंका, दम असा त्रास होतो. यालाच ॲलर्जी म्हणतात. ती संसर्गजन्य नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे अशा माणसाचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करण्याचे काही कारण नाही.

गाजर गवतच का?
काँग्रेस गवत नावाने ओळखले जाणारे हे तण मूळचे अमेरिका खंडातले. १९५० च्या दशकात पुणे परिसरात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या वारा, पाणी, शेणखत, गाडीच्या चाकाबरोबर कुठेही जातात. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाडाला हात लागल्यावर तर ते अंगाला लागतेच, पण वाळलेल्या झाडाची धूळ उडूनही लागते. म्हणून गवत न उपटणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो.

लक्षणे कोणती?
* पापण्या, चेहरा, मानेच्या बाजू, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत खाज, लाली, पुरळ.
* त्रास जुना झाला की तिथली कातडी जाड, काळपट आणि खरबरीत होते. उन्हात गेल्यावर आग वाढते.
* परागकण नाकात गेल्याने शिंका, नाक गळणे, डोळ्यांतून पाणी. काहींना खोकला आणि दमा.

नायट्याचा डाग साधारण गोल, कडेला उठावदार असतो आणि तो बहुधा जांघेत, कमरेला येतो. घरातल्या इतरांनाही तो होतो. गवताची ॲलर्जी प्रामुख्याने उघड्या अंगावर येते. आणखी एक खूण म्हणजे माणूस आठ-पंधरा दिवस परगावी गेला की बरे वाटते, शेतात परतला की पुन्हा सुरू.

"इतकी वर्षं गवत उपटलं, तेव्हा काही झालं नाही, आता कसं होईल?" असे पुष्कळ जण विचारतात. पण ही ॲलर्जी वर्षानुवर्षे संपर्क आल्यावरही अचानक सुरू होऊ शकते. शिवाय गवत लागल्यावर पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून कारण लक्षात येत नाही. एकदा सुरू झालेली ही ॲलर्जी सहसा कायमची राहते. अशा काहींना शेवंती, सूर्यफूल यांचाही त्रास होतो, कारण ती झाडे त्याच कुळातली.

मेडिकलच्या मलमाचा धोका
चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टिरॉईड असते. दोन दिवसांत बरे वाटते, सोडले की दुपटीने उठते. चेहऱ्यावर फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते. नायट्यावर लावले तर नायटा आणखी पसरतो. खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेऊन ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नका, विहिरीच्या काठाला काम करू नका.

त्रास दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर त्वचारोग डॉक्टरांना दाखवावे. पाठीवर पट्टी चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्टी दोन दिवसांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. कशाची ॲलर्जी आहे ते त्यातून कळते.

काय काळजी घ्यावी?
१. ॲलर्जी असलेल्याने गवत उपटण्याचे काम स्वतः करू नये, दुसऱ्याकडून करून घ्यावे.
२. इतरांनीही हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल बांधूनच उपटावे.
३. फुले येण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटावे. फुलावर आल्यावर उपटले तर परागकण अंगावर आणि बी रानात.
४. शेतातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत. धुतलेले कपडे गवताजवळच्या कुंपणावर वाळत घालू नयेत.
५. मोकळ्या जागेत तरोट्याचे बी फेकावे. तरोटा दाट वाढून गाजर गवताला दाबतो.
६. या गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा गवतावर दिसला तर मारू नये.

एकट्याने बांध साफ करून भागत नाही. शेजारच्या पडीकातून बी येतेच. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो. त्या निमित्ताने शाळा, दवाखाना आणि पाणवठ्याचा परिसर गावाने मिळून साफ करता येईल.

हे दिसले तर थांबू नका
गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यावर, इंजेक्शन-गोळीनंतर किंवा काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास कोंडणे, चक्कर येणे ही जीवघेण्या ॲलर्जीची लक्षणे आहेत. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना गाठा. ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे नाव कागदावर लिहून खिशात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला आधी ते सांगा.