माणसं मोजायची की गावं?

आज इतिहासच आहे, पण लढायांचा नाही. मोजणीतल्या एका चुकीचा.

आधी आमच्या विचुंब्यातलं एक उदाहरण. समजा, दोन बिल्डिंगी आहेत. एकीला लिफ्ट आहे, दुसरीला नाही. दोन्हींतल्या शंभर-शंभर जणांना विचारलं, गुडघे दुखतात का? बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये ‘हो’ म्हणणारे जास्त निघाले. झालं सिद्ध? दोनशे जणांचा डेटा आहे ना!

थांबा. लिफ्ट माणसाला नसते, बिल्डिंगला असते. म्हणजे लिफ्टपुरतं बोलायचं तर आपण दोनच गोष्टी पाहिल्या. त्या बिल्डिंगमध्ये आजी-आजोबाच जास्त राहत असतील तर? अख्ख्या गटाला एकच लागू होणाऱ्या अशा गोष्टीला ‘ग्रुप-लेव्हल प्रेडिक्टर’ म्हणतात.

ही चूक भल्याभल्यांकडून झाली आहे. 1976 मध्ये इंग्लंडात नेव्हिल बेनेट यांचा प्राथमिक शाळांवरचा अभ्यास खूप गाजला. निष्कर्ष काय, तर जुन्या, शिस्तीच्या पद्धतीने शिकवलेली मुलं जास्त प्रगती करतात. पण शिकवण्याची पद्धत अख्ख्या वर्गाची असते आणि हिशोब मात्र प्रत्येक मूल सुटं धरून केला होता. 1981 मध्ये मरे एटकिन यांनी तोच डेटा वर्ग लक्षात घेऊन पुन्हा तपासला. त्या कामात स्वतः बेनेटही होते, हे विशेष. आधीचा ठाम फरक टिकला नाही.

मल्टीलेव्हल मॉडेल इथेच कामाला येतं. मुलाचं वय, आधीचे मार्क हे मुलाच्या पातळीवर. शिकवण्याची पद्धत वर्गाच्या पातळीवर. आणि शिवाय प्रत्येक वर्गाच्या स्वतःच्या चढ-उताराला वेगळी जागा. ती जागा सोडली नाही, तर वर्गातल्या सगळ्या बऱ्या-वाईटाचं श्रेय एकटी ‘पद्धत’ खाऊन जाते.

आता आपल्या गडचिरोलीत या. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांचा प्रश्न जिवाचा होता: गावातल्याच बाईला प्रशिक्षण देऊन, तिने घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर बाळं वाचतील का?

आरोग्यदूतही लिफ्टसारखीच, ती गावाला मिळते. म्हणून तुलनाही गावांची हवी. त्यांनी 39 गावांत ही सेवा दिली आणि 47 गावं तुलनेला ठेवली. गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, त्यामुळे पुढची गोष्ट फार मोलाची: सेवा सुरू करण्याआधी, 1993 ते 1995, दोन्हीकडे फक्त नोंदी ठेवल्या. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं एकीकडे 62, दुसरीकडे 58. जवळपास सारखीच सुरुवात.

सेवेच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हा आकडा 60 च्या आसपासच होता. आरोग्यदूत असलेल्या गावांत तो 25.5 वर आला होता! 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. 2011 मध्ये घरोघरी नवजात बालसेवा देशाच्या कार्यक्रमात आली. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई येतात, त्यामागे ही गावांची मोजणी आहे.

विचार करा, एकाच गावात आरोग्यदूत ठेवून शेजारच्या एका गावाशी तुलना केली असती, तर? बाळं कितीही मोजा, गावं दोनच. त्या गावात रस्ता चांगला होता, पाणी चांगलं होतं, असं कुणीही म्हणालं असतं, आणि उत्तर देता आलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘हजारो लोकांवर अभ्यास’ असा फॉरवर्ड आला, की एकच विचारा: गोष्ट माणसाची आहे की गटाची? गटाची असेल, तर गट किती होते?

भेटू पुढच्या भागात!