बीड ते मुंबई आणि मुंबई ते लंडन: लांब कोण?

नकाशा उघडा आणि पट्टी ठेवा. मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमान थेट असलं तर नऊ-दहा तास. आता तीच पट्टी बीड ते मुंबई ठेवा. दोन्ही शहरं १९ अंशाच्या अक्षांशाजवळची, अंतर सरळ रेषेत जेमतेम ३०० किलोमीटर. पण रस्त्याने ते चारशेच्या घरात जातं, आणि रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलेला आपला माणूस आठ-नऊ तासांनी मुंबईत उतरतो. म्हणजे वेळेच्या हिशोबात आपली मुंबई लंडनइतकीच लांब!

हे असं कसं झालं, ते जरा इतिहासात जाऊन बघू.

८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान उडालं, कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याची स्वतःची रेल्वे होती. १९४५ पासून टाटांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही विमान कंपनीसुद्धा होती. पण बीड शहराला रूळ नव्हते.

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लाईन टाकली गेली, ती गोदावरीच्या पलीकडून: औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड. खाली १८९७ पासून बार्शी लाईट रेल्वे, ती पुढे लातूरला गेली. परळीला गाडी आली, पण जिल्ह्याचं ठिकाण मधल्या मध्ये कोरडंच राहिलं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली ती १९९५ च्या सुमारास. आष्टीपर्यंत गाडी २०२२ साली आली. बीड स्टेशनात पहिली गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ ला. मुक्तीनंतर बरोबर ७७ वर्षांनी!

आनंद आहेच, तो कोणी कमी करू नये. पण सुरुवातीच्या वेळापत्रकात नगर-बीड या १६७ किलोमीटरला साडेपाच तास लागत होते, हेही लक्षात ठेवा.

राहिला प्रश्न विमानाचा. आज बीडकराने विमानाने मुंबईला जायचं म्हटलं तर आधी १२५-१३० किलोमीटरवरचं चिकलठाणा गाठायचं: अडीच-तीन तास. मग दीड-दोन तास आधी हजर राहायचं. मग तासाभराचं उड्डाण. उतरून शहरात शिरेपर्यंत सात तास गेलेच. विमान हवेत एकच तास, बाकी सगळा वेळ जमिनीवर!

म्हणून बीडला विमानतळ हवा असं कोणी म्हटलं की टाळ्या जरूर वाजवा, पण तीन प्रश्न विचारा. रोज विमान येणार का? तिकीट कोणाला परवडणार? आणि परळीपर्यंतचे रूळ कधी पूर्ण होणार? नुसती धावपट्टी झाली म्हणून अंतर कमी होत नाही. ऊसतोडीला कोयता घेऊन ट्रकमध्ये बसणाऱ्या कुटुंबाला, मुंबईच्या दवाखान्यात पेशंट नेणाऱ्याला, परीक्षेला निघालेल्या पोराला आधी वेळेवर पोचवणारी थेट रेल्वे लागते.

अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजा मंडळी. पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आलं की एवढंच विचारा: बीड ते मुंबई, किती तास?