जलक्रीडा, बालशिक्षणातील

जलक्रीडा, बालशिक्षणातील : लहान मुलांना मोकळ्या जागी पाणी, वाळू, भांडी, नळ्या इ. साधनांशी खेळू देऊन तरंगणे, बुडणे, प्रवाह, पातळी यांसारख्या भौतिक घटनांचा प्रत्यक्ष अनुभव देण्याची पद्धती. शिशुशाळांत पाण्याला महत्त्व आले, ते प्रथम आरोग्यासाठी. मार्गारेट मॅकमिलन (१८६०–१९३१) व त्यांची बहीण रेचल (१८५९–१९१७) यांनी लंडनच्या डेटफर्ड या गरीब वस्तीत १९१४ मध्ये काढलेल्या शाळेत मोकळी हवा, बाग व स्नान यांवर भर होता. पाणी हे विचाराचेही साधन आहे, हे दाखविण्याचे श्रेय मुख्यतः सूझन आयझॅक्स (१८८५–१९४८) यांना द्यावे लागेल.

जेफ्री पाइक यांनी १९२४ मध्ये केंब्रिज येथे स्थापन केलेल्या माल्टिंग हाउस शाळेच्या त्या १९२७ पर्यंत प्रमुख होत्या. बागेत वाळूचा हौद, पाण्याची सोय आणि खाली वजने अडकविता येतील अशी सीसॉची फळी होती. ठराविक पाठ नव्हते. मुलाने प्रश्न विचारल्यास आयते उत्तर न देता ते शोधण्यास त्याला प्रवृत्त करीत, आणि त्याचे बोलणे व कृती टिपून ठेवीत.

याच सुमारास झां प्याझे (१८९६–१९८०) यांनी होडी का तरंगते, दगड टाकल्यावर पाणी का चढते, असे प्रश्न मुलांना विचारून, सात-आठ वर्षांपूर्वी मुलाला यांत्रिक कार्यकारणभाव उमगत नाही, असे प्रतिपादन केले (१९२७). आयझॅक्स यांना ते मान्य नव्हते. समोर बसवून विचारलेला प्रश्न आणि खेळताना मुलाला स्वतःला पडलेला प्रश्न यांत त्या मूलभूत फरक मानीत. प्याझे १९२७ मध्ये शाळा पाहण्यास आले असता सहा वर्षेही पूर्ण न झालेल्या एका मुलाने तीनचाकी सायकलची गती पायट्यापासून चाकापर्यंत क्रमाने उलगडून सांगितली. ही नोंद आयझॅक्स यांनी १९३० च्या ग्रंथात पुराव्यादाखल दिली. अर्थात ही मुले मोजकी व बहुतेक सुशिक्षित घरांतील होती, ही त्या पुराव्याची मर्यादा दुर्लक्षिता येत नाही.

आर्थिक अडचणींमुळे शाळा १९२९ मध्ये बंद पडली. १९३३ पासून आयझॅक्स लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेत बालविकास विभागाच्या प्रमुख होत्या. तेथून त्यांचे विचार शिक्षकांपर्यंत पोहोचले. पुढे प्याझे यांनीही पाण्याचाच आधार घेतला : रुंद पेल्यातील पाणी अरुंद पेल्यात ओतल्यास ते वाढले, असे लहान मुलांना वाटते, हा त्यांचा प्रयोग १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षणाविषयीच्या प्लाउडेन अहवालात (१९६७) या दोघा प्रतिपक्षांची नावे एकाच विचारसरणीत घातलेली आढळतात.