वर्तुळ हौदाचे गणित

शके १०७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचिला, आणि त्यातील लीलावतीच्या खातव्यवहार, म्हणजे खोदलेल्या खड्ड्यांच्या मापनाच्या, प्रकरणात, दहा हात व्यासाच्या व पाच हात खोलीच्या वर्तुळ खाताचे घनफळ विचारून, हौद-विहिरींच्या मापनास शास्त्राचे अधिष्ठान दिले. परिघासाठी व्यासास ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, हे त्यांचे सूक्ष्म मान. व्यवहारापुरते बावीस-सप्तमांशही त्यांना मान्य होते. सूक्ष्म मानाने उत्तर येते ३९२ पूर्णांक ७ दशांश घनहस्त, आणि तेच खात तळाशी निमुळते होऊन टोकास मिळाले, तर नेमका त्याचा तृतीयांश.

मला मात्र अधिक मोलाची वाटते ती त्यांची व्यवहारदृष्टी: खोदकाम ओबडधोबड असल्यास अनेक ठिकाणी मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी, आणि मुख रुंद व तळ अरुंद असल्यास मुखाचे, तळाचे व दोहोंच्या बाजूंच्या बेरजेचे क्षेत्रफळ मिळवून, सहाने भागून, खोलीने गुणावे, ही आज्ञा प्रत्यक्ष जमिनीवर वावरणाऱ्या गणितज्ञाचीच होय. धान्य मोजताना हाच घनहस्त मागध खारी नावाचे माप ठरे. द्रोण हे तिच्याहून लहान माप; एका खारीचे द्रोण सोळा. पुढे नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला. त्याची साक्ष देणारा शिलालेख चाळीसगावाजवळील पाटण येथे आहे.