शिर्डीचें एक अपील

शिर्डी म्हटली म्हणजे उदी, धुनी आणि समाधि हींच प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु साईबाबांच्या हयातींत, म्हणजे १९१८ पूर्वीं, कोपरगांव तालुक्यांतील या लहानशा गांवीं वकीलमंडळींचाही मोठा राबता असे. मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम दीक्षित यांनीं तेथें वाडा बांधिला. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९११-१२ सालीं तीन महिन्यांहून अधिक काळ तेथें राहिले. नाशिकचे वकील भाऊसाहेब धुमाळ हे याच मंडळींपैकीं होत.

बाबांचा एक सेवक व आणखी पांच जण यांजवर एका स्त्रीचा विनयभंग केल्याचा आरोप येऊन त्यांस कैदेची शिक्षा झाली. प्रत्यक्ष पाहिल्याचें सांगणारे साक्षीदार होते. तात्या कोते पाटील निकालाच्या नकला घेऊन नामांकित वकिलांकडे गेले. कोणासही आशा वाटेना. बाबांनीं भाऊकडे जाण्यास सांगितलें. धुमाळांनींही प्रथम एखादा बडा वकील देण्याचाच सल्ला दिला; बाबांचें नांव निघालें तेव्हां मात्र अपिलाचा अर्ज लिहून ते नगरास गेले.

तेथील जिल्हा मॅजिस्ट्रेट युरोपियन होता. १८९८ च्या फौजदारी कायद्याप्रमाणें दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटांनीं दिलेल्या शिक्षेवरील अपील त्याच्याकडे चाले, आणि जिल्ह्याच्या पोलिसांवरही हुकमत त्याचीच. फिर्यादीस बळ देणारा आणि तिचा न्याय करणारा हात एकच! धुमाळांनीं पुढें सांगितलेल्या आठवणीप्रमाणें साहेबानें बंगल्यावरच हकीकत ऐकिली आणि खटला बळकट दिसतो, असें बोलून दाखविलें. धुमाळांनीं हा सारा गांवांतील दुफळीचा परिणाम असल्याचें ठासून सांगितलें. साहेबानें तेथल्या तेथें सर्वांस निर्दोष ठरवून तोंडीं निकाल दिला. मग गोष्टी निघाल्या त्या बाबांच्या. ते हिंदु कीं मुसलमान, हें साहेबास जाणून घ्यावयाचें होतें.

भक्त यास चमत्कार म्हणतात, आणि आपल्या यशाचें श्रेय स्वतः धुमाळांनींही बाबांसच दिलें. पण वकिलाची नजरही येथें कमी पडली नाहीं. दुफळीच्या गांवांत साक्षीदार तटातटानें उभे राहतात; त्यांच्या संख्येवरून सत्य ठरूं लागलें, तर ज्याचा तट मोठा त्याची सरशी होणार. तरीही मनांत एक सल राहतोच. घटकाभराच्या बोलण्यावर सहा माणसें सोडणारा साहेब तितक्याच सहजपणें त्यांचें अपील फेटाळूंही शकला असता. आणि जिच्या तक्रारीवरून हें सारें उद्भवलें, तिची बाजू तपासण्यासही असला निकाल पुरेसा नव्हता.

मुंबई राज्यानें मुलकी अंमल आणि न्यायदान यांची फारकत करणारा कायदा केला, तो १९५१ सालीं.