हालात वाढलेलं झाड

सर्वांत म्हातारं झाड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कसदार माती, भरपूर पाणी आणि डेरेदार वड, हो ना? माझंही पीएचडीला येईपर्यंत तसंच होतं.

पण अमेरिकेतले ब्रिसलकोन पाइन बघा. नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत, तीन हजार मीटरच्या आसपास, खडकाळ जमिनीत ते उभे असतात. थंडी कडाक्याची, पाऊस बेताचा. त्यामुळे झाड अतिशय सावकाश वाढतं आणि लाकूड दाट, राळेने भरलेलं होतं. कीड-बुरशीला ते सहजी दाद देत नाही. खोडाचा बराच भाग मेला तरी सालीच्या एका पट्टीवर झाड जगत राहतं. एडमंड शुलमन यांनी १९५४ मध्ये हेच मांडलं होतं: हालात वाढणारी झाडंच जास्त जगतात. १९५७ मध्ये त्यांना ४,६०० वर्षांहून जुनं 'मेथुसेला' सापडलं.

आता १९६४ मध्ये या. डोनाल्ड करी हा माझ्यासारखाच एक संशोधक विद्यार्थी. नेवाडातल्या व्हीलर शिखराजवळ तो जुन्या हिमनद्यांचा अभ्यास करत होता. तिथल्या एका झाडाचा पूर्ण नमुना पोकळ गिरमिटाने मिळेना. का मिळेना, याच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. त्याने वनखात्याची रीतसर परवानगी घेतली आणि झाड तोडलं गेलं. वलयं मोजली, तर ४,८४४ भरली! तोवर मोजलेल्या झाडांत ते सर्वांत जुनं निघालं. त्याचं नाव प्रोमिथियस.

नियम मोडला नव्हता. तरी मला ही गोष्ट टोचते, कारण वय कळलं ते झाड पडल्यावर.

आणि पुढचं ऐका. थंड, कोरड्या हवेत मेलेलं लाकूडही हजारो वर्षं कुजत नाही. वेस्ली फर्ग्युसन यांनी जिवंत झाडांच्या बारीक नमुन्यांतली वलयं अशा पडलेल्या ओंडक्यांतल्या वलयांशी जुळवत नेली. रुंद-अरुंद वलयांचा क्रम दोन्हीकडे सारखा दिसला, की जोड पक्का. १९६९ मध्ये त्यांची सलग मालिका ७,१०४ वर्षांपर्यंत पोहोचली. अशा वलयांवरूनच रेडिओकार्बन कालमापनातली चूक दुरुस्त करता आली आणि युरोपातली कित्येक प्राचीन बांधकामं समजत होतो त्याहून शेकडो वर्षं जुनी ठरली.

म्हणजे तोडलेल्या झाडापेक्षा लांबचा इतिहास उतारावर पडलेल्या लाकडांत होता. म्हणून गिरमिट हातात घेण्याआधी मी आता आजूबाजूची जमीन नीट बघून घेते.