घोंगडं आधी मेंढीच्या पाठीवरून गेलं

आमच्या माणदेशात थंडी पडते, यावर पुण्या-मुंबईची माणसं विश्वास ठेवत नाहीत. दुष्काळी मुलूख म्हटलं की त्यांना ऊनच दिसतं. पण माळ उघडा, झाडं विरळ, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पौषात पहाटे दात वाजतात. अशा रात्री दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवून त्यांच्या कडेला झोपायचं, तर अंगावर घोंगडंच लागायचं. माझे आजोबा ते विणायचे, आम्ही सणगर. पुढे मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली. त्यामुळे मागही पाहिला आणि मेंढीही.

धनगराची लोकर आणि सणगराचा माग, हा व्यवहार जुना. इंग्रजांनी 1884-85 च्या सुमारास सोलापूर आणि सातारा जिल्ह्यांची गॅझेटियरं छापली, त्यांतही लोकर विणणारे म्हणून सणगरांची नोंद आहे. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी, भरड, केसाळ. मेरिनोच्या तंतूपेक्षा हिचा तंतू साधारण दुपटीने जाड. म्हणून घोंगडं टोचतं. लहानपणी मी कुरकुर केली की आजोबा म्हणायचे, "टोचतंय तंवर ऊब हाय, लेका." मऊ हवं असेल तर जावळाचं घ्यायचं. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. ती थोडी निघते, त्यामुळे ते घोंगडं महाग पडतं.

कातरण वर्षातून दोनदा. त्याआधी मेंढ्या ओढ्यात धुवायच्या. बायका लोकर निवडून, पिंजून रहाटावर सूत काढत. धनगर बाप्ये मेंढरांमागे चालता चालता चातीवर कातत. हे एकेरी सूत मागावर टिकत नाही, तुटतं. म्हणून त्याला चिंचोक्याची खळ. आजी चिंचोके भाजायची, टरफलं काढायची, भिजवून वाटायची आणि मोठ्या भांड्यात शिजवायची. मग गल्लीत ताणा पसरून घरातली सगळी माणसं कुंच्याने खळ चढवायची. ऊन कडक हवं. आभाळ आलं की आजोबांचा पारा चढलाच. नंतर खड्ड्यातल्या मागावर विणकाम. नवं घोंगडं पापडासारखं ताठ असायचं. वापरून वापरून खळ निघून जाते, तंतू एकमेकांत गुंततात आणि वीण दाट होते. पाच-सहा पावसाळे काढलेलं घोंगडं नव्यापेक्षा चांगलं, असं आमच्याकडचे जाणते मानत.

लोकर ऊब तयार करत नाही. तिच्या वळणदार तंतूंत हवा अडकते आणि ती हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिऊनही लोकर हाताला फारशी ओली लागत नाही. म्हणून हिवाळ्याचं घोंगडं पावसाळ्यातही चाले. एक कोपरा आत दुमडला की खोळ झाली. ती डोक्यावर घेतली की पाठ गुडघ्यापर्यंत झाकली जायची. त्यातच रात्री निजायचं, अर्धं अंगाखाली, अर्धं वर, कारण जमिनीचा गारवा वाऱ्यापेक्षा वाईट. वाटेत मेंढी व्याली तर कोकरूही त्यातच.

हे गरिबाचं वस्त्र खरं, पण कमी मानाचं नव्हतं. लोकरीला विटाळ नाही, या समजुतीमुळे सोवळ्यातली धाबळीही लोकरीचीच. खंडोबाची तळी घोंगडीवर भरतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्यांची आमच्या भागात घराघरांत ओळख आहे ती खांद्यावरच्या घोंगडीसकट.

मग ते गेलं कुठे? लोक म्हणतात, सोलापुरी चादरी आल्या, गिरणीची ब्लँकेटं आली, ॲक्रिलिकच्या शाली आल्या. आल्याच. पानिपतची स्वस्त ब्लँकेटं तर आठवडी बाजारात ढिगाने असतात. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून तिथे पुन्हा सूत काढतात. 1760 चा हिवाळा आमच्या फौजेने ज्या पानिपतात उपाशीपोटी कुडकुडत काढला, त्याच गावचं पांघरूण आता आमच्या अंगावर आहे.

पण माझ्या मते हे दुसरं कारण. पहिलं कारण मेंढी. धनगराला पैसा मिळतो तो मटणाचा, लोकरीचा नव्हे. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, तीही भरड. तेव्हा जत भागातली माडग्याळ मेंढी लोकांनी उचलली: उंच, वजनदार, अंगावर लोकर नावालाच. तिचे नर कळपात आले आणि पिढ्यांमागून लोकर कमी होत गेली. सरकारने 1978 मध्ये मेंढी विकासाचं महामंडळ काढलं, विदेशी नरांशी संकराचे प्रयोगही झाले. पण बाजार मटणाचा, त्यामुळे कळपाचं वळण काही बदललं नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडू लागल्यावर लोकर बांधाला टाकून देणारे धनगर मी पाहिले आहेत. त्यांना दोष देणं हा शहरी शहाणपणा. सणगरांची पोरं दुसऱ्या कामाला लागली, ती नंतर.

आता घोंगडं पुन्हा दुकानांत दिसतं, चढ्या भावाने आणि गुडघेदुखीपासून सगळं बरं करण्याच्या दाव्यांसह. त्या दाव्यांवर जाऊ नका. घ्यायचंच असेल तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर पैसे खिशात ठेवा.